छत्तीस फोटोंचा हिशेब

“उघडू नकोस!”

मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की लेक पोळी तव्यावरच टाकून धावत आली. तिला वाटले, पोरीने विजेच्या बटणाशी काहीतरी केले. तसे काही नव्हते. माझी अकरा वर्षांची नात पलंगावर मांडी घालून बसली होती. मांडीवर तिच्या आजोबांचा याशिका कॅमेरा होता आणि तिचे नख कॅमेऱ्याच्या पाठच्या झाकणाच्या खटक्यावर होते. आणखी एक क्षण, आणि झाकण उघडले असते.

“काय झालं आजी? मी फक्त आत फोटो कुठे दिसतात ते बघत होते!”

आता हिला काय सांगावे?

मंडळी, झाले ते असे. २०२४ च्या डिसेंबरात मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेहून बंगळुरूला लेकीकडे गेले होते. लेक आणि जावई दोघेही संगणकातले, राहायला सर्जापूर रोडवर, अकराव्या मजल्यावर. नातीच्या शाळेत ‘आजी-आजोबांच्या काळातील वस्तू’ असे प्रदर्शन होते. फोनवर हुकूम आला, ‘आजी, काहीतरी जुनं आण.’ मी अडकित्ता घेतला, पितळी फिरकीचा तांब्या घेतला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातला ह्यांचा कॅमेराही घेतला. ह्यांना जाऊन वीस वर्षे झाली. २००४ च्या गणपतीनंतर महिन्याभरातच ते गेले. तेव्हापासून कॅमेरा कातडी पाकिटात तसाच होता. आतले सेल फुटून पांढरी बुकणी झाली होती. ती पुसून मी त्याला पिशवीत टाकले, एवढेच.

नातीच्या हातात तो पाहताना माझे लक्ष वरच्या इवल्याशा खिडकीकडे गेले. आकडा होता २२. म्हणजे आत रोल होता, बावीस फोटो काढलेला. ह्यांच्या हातचा शेवटचा रोल! आणि पोरगी झाकण उघडायला निघाली होती.

मग तिला समोर बसवून सांगितले. अगं, ह्यात फोटो दिसत नाहीत. ह्यात एक लांबच लांब पट्टी असते, तिच्यावर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. बटण दाबले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भिंगातून उजेड आत जातो आणि त्या कणांवर खूण करून येतो. पण ती खूण कुणालाच दिसत नाही. पट्टी रसायनात धुतली, की मगच चित्र उमटते. आणि धुण्याआधी उजेड लागला, तर सगळे संपले.

“म्हणजे आजोबांनी काढलेले फोटो अजून कुणीच पाहिलेले नाहीत?”

“कुणीच नाही. आजोबांनीसुद्धा नाही.”

पोरगी एकदम गप्प झाली. कॅमेरा तिने असा खाली ठेवला, की जणू आत झोपलेले बाळ आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो, रोल धुणाऱ्याच्या शोधात. सर्जापूर रोड ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, हा रस्ता शहरातून निघतो, बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळीचे तळे, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी एकेकाळची खेडी ओलांडत सर्जापूर गावाकडे जातो. आज ह्या खेड्यांच्या शेतांवर कचेऱ्या आणि वीस-वीस मजली इमारती आहेत. विप्रोचे मुख्यालय ह्याच रस्त्यावर. जगातले काय वाटेल ते येथे मिळते. कोरियन लोणचे मिळते, कुत्र्याचा वाढदिवसाचा केक मिळतो. रोल धुऊन मात्र मिळेना.

पहिल्या चकचकीत दुकानातल्या पोराने कॅमेरा उलटापालटा करून विचारले, “मेमरी कार्ड कुठे घालतात?” दुसऱ्या दुकानात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि दोन मिनिटांत पासपोर्ट फोटो. तिथल्या बाईंनी हसून मान हलवली. तिसरे दुकान आडबाजूला, इमारतींच्या पाठीमागे उरलेल्या जुन्या गावात. पाटीवरचा रंग उडालेला. आत साठीच्या पुढचा एक माणूस लग्नाच्या फोटोला चौकट बसवत होता. मी कॅमेरा पुढे केला मात्र, त्याने हातातला खिळा खाली ठेवला.

काहीही न विचारता त्याने कॅमेऱ्याच्या बुडाचे बारीक बटण दाबले, वरची घडीची किल्ली उघडली आणि कॅमेरा कानाशी धरून ती हळूहळू फिरवू लागला. आम्ही श्वास रोखून उभ्या. थोड्या वेळाने आत ‘टक्’ झाले. “सुटला,” तो म्हणाला. मग झाकण उघडून त्याने रोलची डबी नातीच्या तळहातावर ठेवली.

“अण्णा, धुऊन द्याल?”

“नाही अम्मा. माझं मशीन २०१२ मध्येच भंगारात गेलं.”

मग त्याच्या तोडक्यामोडक्या हिंदीत आणि माझ्या त्याहून मोडक्या हिंदीत तासभर गप्पा झाल्या. नात स्टुलावर बसून ऐकत होती.

त्याने ह्या धंद्याला सुरुवात केली ती लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत, कृष्णधवल फोटोंनी. कागद वापरायचा तो ‘इंदू’चा. इंदू हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे असेल. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली निघाली आणि उटीच्या थंड, धूळ नसलेल्या हवेत १९६७ पासून तिच्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. कृष्णधवल रोल, ब्रोमाइड पेपर, दवाखान्यातल्या एक्स-रे फिल्म, सगळे ‘इंदू’ नावाने देशभर जाई. आपल्या आईवडिलांच्या लग्नाचे फोटो पाठीमागून पाहा, त्यातले काही ह्याच कागदावर छापलेले असतील.

गंमत अशी, की इंदूला डिजिटल कॅमेऱ्याने मारले नाही. तो येण्याआधीच रंगीत फोटोंची लाट आली, १९९१ नंतर परदेशी मालाला दारे उघडत गेली आणि नव्वदीतच ही कंपनी आजारी उद्योगांत जमा झाली. पुढे ती बंदच झाली.

आमच्या अण्णांनी मात्र लाट ओळखली होती. अंधारी खोली मोडून त्यांनी कर्ज काढून रंगीत फोटोंचे मशीन आणले. सकाळी रोल द्या, संध्याकाळी फोटो न्या! गणपती, दसरा, दिवाळीत जेवायला फुरसत नसे.

“मग गिऱ्हाईक एकदम बंद झालं?”

“एकदम नाही अम्मा. एकदम झालं असतं तर बरं झालं असतं.”

आणि मग त्यांनी जे सांगितले, ते मला नवे होते. रंगीत रोल धुण्याचे रसायन अडतीस अंश उष्णतेवर ठेवावे लागते, त्यात थोडाही फरक चालत नाही. रोल धुतला जाईल तसतसे मशीन ताजे रसायन आत घेते. रोज पुरेसे रोल आले, तर रसायन ताजे राहते. रोल कमी आले, की रसायन नुसते तापून तापून खराब होते आणि मग आलेल्या चार रोलांचे रंगही बिघडतात. रंग बिघडले, की ते चार गिऱ्हाईकही तुटतात. म्हणजे शेवटचा रोल येईपर्यंत दुकान चालले असे होतच नाही. रोज तीसचे दहा झाले, तिथेच सगळे संपते. खाणावळीसारखेच की हे! पाच माणसांसाठी पन्नासांचे आधण कोण किती दिवस ठेवणार?

हे सगळे कोठून सुरू झाले, तर अमेरिकेत, आणि तेही रोल विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्याच घरात! १९७५ साली तिथल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरने रोलशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला त्याला तेवीस सेकंद लागत. कंपनीचा सगळा संसार रोलवर, त्यामुळे ह्या पोराचे कौतुक बेताचेच झाले. पुढे २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. कंपनी त्यातून सावरली आणि आजही रोल बनवते. पण घराघरातले तिचे राज्य गेले ते गेलेच.

आपल्या मराठी मंडळींचे ह्या कलेशी नाते जुने आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी कॅमेरा हाताळणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छायाचित्रकारच होते. बडोद्यात त्यांचा स्टुडिओ नीट चालला नाही, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी आवई उठली होती! तिथपासून घरोघरी कॅमेरा यायला किती वर्षे लागली, आणि तो जायला किती थोडी!

आता रोलच्या काळाचे नुसते गोडवे गाणे बरोबर नाही. रोल महाग, धुणे महाग, छापणे महाग. आमच्या घरी वर्षाला एक रोल, फार तर दोन. छत्तीस फोटोंचे रेशनच असे. गणपतीचे सहा, वाढदिवसाचे चार, सहलीचे दहा. “नीट उभे राहा, एकच काढणार आहे!” हे ह्यांचे ठरलेले वाक्य. त्यात कुणीतरी डोळे मिटलेले असायचेच आणि ते पंधरा दिवसांनी कळायचे. रोलचे शेवटचे दोन फोटो उरले, की ‘संपवायचा’ म्हणून तुळस, स्कूटर, शेजारचे मांजर, काहीही टिपायचे. आणि पुष्कळ घरांत तेवढेही नव्हते. माझ्या आजीचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात. ती गेल्यावर त्यातला तिचा चेहरा कापून, मोठा करून, स्टुडिओवाल्याने ब्रशने नथ काढून दिली. आम्ही नातवंडे तिला त्या न घातलेल्या नथीसकट ओळखतो. तेव्हा आज खेड्यातल्या म्हातारीचाही हसरा फोटो तिच्या नातवाच्या फोनमध्ये असतो, हे चांगलेच झाले. त्याबद्दल कुरकुर कशाला?

पण अण्णांच्या माळ्यावर आठ खोकी होती. मी विचारले, “त्यात काय?”

निगेटिव्ह! तीस वर्षांतली. पाकिटांवर नंबर, वहीत नावे. ह्या भागातल्या जुन्या गावांतली लग्ने, बारशी, जत्रा. “तुम्ही राहता ना, अम्मा, त्या इमारतीच्या जागी नाचणीचं शेत होतं. माझ्याकडे एका लग्नाचा फोटो आहे. नवरा-नवरी उभे आहेत आणि पाठीमागे ते शेत.” ज्या वीस-पंचवीस वर्षांत हा रस्ता शेतांचा इमारतींचा झाला, त्याच वर्षांत रोलही गेला. त्यामुळे ह्या जागेचे जुने रूप बहुतेक अशा खोक्यांतच राहिले आहे. अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी येते. वडील गेलेले असतात, घरातला फोटो पावसात भिजलेला असतो. अण्णा वही काढतात, नंबर शोधतात, निगेटिव्ह उजेडासमोर धरतात. आणि वडील पुन्हा मिळतात.

“मुलगा म्हणतो, फेकून द्या. जागा अडते. भंगारवाला येऊन गेला. चांदी काढतात ना त्यातून.”

मला आठवले, आपले जुने मूकपटही असेच गेले. चांदीसाठी त्यांची रिळे धुतली गेली. भंगारात काय दर आला असेल कोण जाणे!

अण्णांनी आम्हाला शहरातल्या एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला. अजूनही रोल धुणारी काही ठिकाणे मोठ्या शहरांत आहेत. आणि नवल म्हणजे तिथे गर्दी विशीतल्या मुलामुलींची! ही मंडळी हौसेने जुने कॅमेरे विकत घेतात आणि एका रोलसाठी भरपूर पैसे मोजतात. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने रोलचा नवा कोरा कॅमेरा बाजारात आणला. त्याला आपल्या जुन्या घरगुती रोलचे दिवस परत आले असे म्हणता येणार नाही. पण विझलेल्या चुलीत निखारा आहे खरा.

काउंटरवरच्या मुलीने स्पष्ट सांगितले, “वीस वर्षं झाली आजी. काही येईल याची खात्री नाही.” मी म्हटले, “असू दे.”

दहा दिवस नात रोज विचारी, “आले का?” मला हसू येई. तिच्या जन्मात तिने फोटोची वाट पाहिलेली नव्हती.

बावीसपैकी नऊ आले. रंग उतरलेले, सगळ्यांवर तांबूस धुके, कडेला बुरशीचे ठिपके. पण आले! त्या वर्षीचा आमचा गणपती, थर्माकोलच्या मखरातला. आता स्वर्गवासी झालेल्या वन्सं, हातात निरांजन घेतलेल्या. कॉलेजात जाणारी लेक, तोंड वेंगाडून. मी, मोदकांचे पीठ हाताला लागलेले, ‘आत्ता नको’ म्हणून हात वर केलेला. शेजारचे मांजर. ह्यांचा मात्र एकही नाही. कसा असणार? कॅमेरा त्यांच्या हातात.

नववा फोटो अंगणातला होता. तुळशीवृंदावन, पाठीमागे पांढरी भिंत, दुपारचे ऊन. नात तो फोनवर मोठा करून पाहत होती. ती म्हणाली, “आजी, हा कोण?”

भिंतीवर सावली होती. दोन्ही कोपरे बाहेर काढून, चेहऱ्याशी कॅमेरा धरलेल्या माणसाची. सूर्य नेहमी आपल्या पाठीशी ठेवावा, हा ह्यांचा नियम. आणि फोटोत आपली सावली येऊ देऊ नये, हाही त्यांचाच नियम! माझ्या हातून असे झाले, की “एक फोटो फुकट घालवलास” म्हणत. त्या दिवशी त्यांनीच फुकट घालवला होता.

लेक म्हणाली, “आई, फोन असता तर बाबांचे पाचशे फोटो असते गं.” खरेच आहे ते. मी काहीच बोलले नाही. मग तीच थोड्या वेळाने म्हणाली, “पण हिच्या पहिल्या वाढदिवसाचे तरी कुठे आहेत?” नातीचे पहिल्या दोन वर्षांचे सगळे फोटो ज्या डिस्कमध्ये ठेवले होते, ती एके दिवशी चालेनाशी झाली. जुना फोन सुरू होत नाही. आज लेकीच्या फोनमध्ये अठरा हजार फोटो आहेत. त्यांत पार्किंगचा खांब आहे, औषधाची चिठ्ठी आहे, एकाच केकचे चाळीस आहेत. घरातल्या भिंतीवर मात्र एकही नाही. ह्यांचा रोल वीस वर्षे कपाटात पडून राहिला. त्याला ना वीज लागली, ना पासवर्ड. हे पोरीचे बारसे मात्र सांभाळूनही गेले.

त्या रात्री आम्ही चौघांनी बसून एक ठरवले. फोटो हवे तितके काढा, फोन आहे तो त्यासाठीच. पण वर्षाला छत्तीस निवडायचे. छत्तीसच! आणि ते कागदावर छापून घ्यायचे. रोलने आपल्याला काही फार सुंदर फोटो दिले असे नाही; त्याने आपल्याला निवडायला लावले. ती सवय रोलबरोबर जायला हवी असे थोडेच आहे?

निवडायला बसलो तर काय सांगू, पहाटेचा एक वाजला. “हा नको, हा काय रोजचाच.” “अगं, रोजचाच म्हणून तर हवा!” जावईबापू एरवी फारसे बोलत नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात डबे भरणाऱ्या लेकीचा एक फोटो हट्टाने आत घ्यायला लावला. केकचा एकच राहिला.

वाचकहो, तुमच्याही घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एखादा कॅमेरा असेल. तो काढलात, तर आधी आकडा पाहा, झाकण उघडू नका. निगेटिव्हची पाकिटे सापडली, तर टाकू नका. पट्ट्या कडेने धरा, गुंडाळू नका, कोरड्या जागी ठेवा. माळा आणि न्हाणीघराची भिंत टाळा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो जमल्यास हलक्या हाताने सोडवा, तो चिकटा फोटो खातो. आणि फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. बॉलपेनने नको, ते पुढच्या बाजूला उमटते. ‘हे कोण?’ याचे उत्तर देणारी माणसे घरात आहेत तोवर लिहा.

मिरजेला परतण्याआधी छत्तीस फोटो घेऊन आम्ही अण्णांच्याच दुकानात गेलो. छापायचे मशीन त्यांच्याकडे आहे, डिजिटल. सोबत तो सावलीचा फोटोही दिला, सदतिसावा. रोलमध्ये नशिबाने कधी कधी एक जास्तीचा निघायचा ना, तसा. नातीने त्यांना विचारले, “तुमची खोकी तुम्ही फेकणार नाही ना?” अण्णा हसले. म्हणाले, “पुढच्या सुट्टीत ये. नंबर लावायला मला माणूस हवाच आहे.”

फोटो छापून झाले. त्यांनी सावलीचा फोटो उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि सवयीने पाठीमागे नंबर घातला. मग वही उघडून मला विचारले, “नाव काय लिहू?”

मी ह्यांचे नाव सांगितले.